न्यूझीलंड ‘आशियाचा विजेता’ कसा झाला? महिला आशिया चषकाचं जुनं कोडं, सोप्या भाषेत

५ जुलै २०२५ ला थायलंडमधल्या चिआंग माई इथे भारताची फुटबॉलपटू संगीता बासफोरने दोन गोल केले. भारताने थायलंडला २-१ असं हरवलं आणि मार्च २०२६ मध्ये ऑस्ट्रेलियात ठरलेल्या महिला आशिया चषकात जागा मिळवली. बातम्यांत एक वाक्य सगळीकडे होतं: भारतीय मुली पहिल्यांदाच पात्रता फेरी जिंकून या स्पर्धेत दाखल. आणि त्याच बातम्यांत खाली कुठेतरी आणखी एक ओळ होती: भारत याच स्पर्धेत १९८० आणि १९८३ ला उपविजेता होता.

माझी भाची कोल्हापूरला शाळेच्या संघात खेळते. तिने संध्याकाळी फोन केला. “मामा, आपण पहिल्यांदाच पात्र झालो, तर मग चाळीस वर्षांपूर्वी उपविजेते कसे काय झालो?”

प्रश्न बिनतोड होता. उत्तर द्यायचं म्हणून आजवरच्या विजेत्यांची यादी काढली, तर गोंधळ आणखी वाढला. १९७५ च्या पहिल्याच आशियाई स्पर्धेचा विजेता न्यूझीलंड. त्यानंतरच्या तीन स्पर्धा तैवानने जिंकलेल्या, आणि त्या काळात तैवान आशियाई फुटबॉल महासंघाचा सदस्यच नव्हता. १९८० च्या उपविजेत्याच्या जागी नुसतं ‘इंडिया’ नाही, ‘इंडिया एस’ लिहिलेलं. ओशनिया खंडाची यादी पाहिली तर तिथे १९८६ आणि १९८९ चा विजेता तैवान! म्हणजे न्यूझीलंड आशियात जिंकतंय आणि तैवान ओशनियात.

या नोंदी चुकलेल्या नाहीत. ही स्पर्धा ज्यांच्या नावावर आज लावलेली आहे, त्यांनी ती सुरू केलेलीच नव्हती. ती बायकांच्या फुटबॉलसाठी निघालेल्या एका वेगळ्या संघटनेने सुरू केली आणि मोठ्या संघटनेने ती नंतर आपल्या नावावर घेतली. एवढं ध्यानात ठेवलं की बाकीची गाठ आपोआप सुटत जाते.

## आधी फुटबॉलच्या घराचे मजले

फुटबॉलचा कारभार आपल्या सहकारी पतपुरवठ्यासारखा तीन मजली आहे. गावात विविध कार्यकारी सोसायटी, तिच्यावर जिल्हा मध्यवर्ती बँक, सगळ्यांत वर राज्य सहकारी बँक. शेतकरी सरळ राज्य बँकेत जाऊन कर्ज मागू शकत नाही, त्याला सोसायटीचा सभासद असावं लागतं. फुटबॉलमध्ये तळाला प्रत्येक देशाची राष्ट्रीय संघटना. तिच्यावर खंडीय महासंघ, म्हणजे एका खंडातल्या राष्ट्रीय संघटनांची मिळून झालेली संघटना. आणि माथ्यावर फिफा. आशियाचा खंडीय महासंघ १९५४ मध्ये मनिलात स्थापन झाला. त्याला एएफसी म्हणतात. युरोपचा युएफा, ओशनियाचा ओएफसी.

ही उतरंड नीट चालते, पण सभासदांपुरती. ज्याचं नाव सभासद यादीतच नाही, त्याने काय करायचं? आपल्याकडे अशा वेळी बायका भिशी काढतात. महिन्याला ठरलेले पैसे, एक वही, एकमेकींवरचा विश्वास. बँकेने दारात उभं केलं नाही म्हणून कुणाच्या मुलीचं लग्न किंवा मुलाची फी अडत नाही. आशियातल्या महिला फुटबॉलची पहिली स्पर्धा ही अशीच एक भिशी होती.

## बायकांना आत घेतलं का नव्हतं?

“तेव्हा बायका खेळतच नसतील,” असं सहज म्हटलं जातं. ते खरं नाही. १९२० च्या २६ डिसेंबरला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर महिलांचा सामना बघायला सुमारे ५३ हजार लोक आले होते. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९२१ मध्ये, इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने आपल्या सदस्य क्लबांना सांगितलं की महिलांच्या सामन्यांना मैदान देऊ नका. खेळायला बंदी घातली नाही, खेळायची जागा काढून घेतली. हा हुकूम जवळपास ५० वर्षं टिकला. पश्चिम जर्मनीच्या संघटनेने १९५५ ते १९७० बंदी ठेवली. ब्राझीलमध्ये तर १९४१ पासून १९७९ पर्यंत सरकारी हुकमानेच बायकांना फुटबॉलची मनाई होती.

प्रेक्षक नव्हते, असंही नाही. १९७१ मध्ये मेक्सिकोत महिलांची एक जागतिक स्पर्धा खासगी आयोजकांनी भरवली. अंतिम सामन्यात डेन्मार्कने मेक्सिकोला ३-० असं हरवलं, आणि तो पाहायला अझ्टेका स्टेडियममध्ये लाखभर माणसं होती. फिफाच्या दप्तरी त्या स्पर्धेला स्थान नाही.

त्याच वर्षी युएफाच्या सदस्यांनी ३१ विरुद्ध १ मतांनी ठरवलं की महिला फुटबॉल राष्ट्रीय संघटनांनी आपल्या हाती घ्यावा. यामागे जिव्हाळ्याइतकीच धास्तीही होती असं मला वाटतं, कारण खासगी आयोजक लाखभर प्रेक्षक गोळा करत होते. ते काही असो, ठराव होऊनही युरोपची पहिली अधिकृत महिला स्पर्धा सुरू व्हायला १९८२ उजाडलं. आशियातल्या बायकांनी तोवर थांबायचं नाही असं ठरवलं होतं.

## हाँगकाँगमध्ये निघालेली ‘भिशी’

१९६८ मध्ये हाँगकाँगमध्ये आशियाई महिला फुटबॉल महासंघ स्थापन झाला. इंग्रजी आद्याक्षरांनी एएलएफसी. हाँगकाँग, तैवान, मलेशिया आणि सिंगापूर ही मंडळी त्यात सुरुवातीपासून होती. हाँगकाँगच्या व्हेरोनिका च्यू यांनी अध्यक्ष म्हणून ही संघटना उभी केली.

हा महासंघ एएफसीची महिला शाखा नव्हता, हे पुन्हा एकदा सांगतो, कारण नावात फक्त एका अक्षराचा फरक आहे आणि चूक तिथेच होते. एएफसी आणि एएलएफसी ही दोन वेगळी घरं होती, आणि त्यांची सभासद यादी वेगळी होती. एएफसीमध्ये कोण असावं हे देशांच्या संघटना आणि त्यांचं राजकारण ठरवायचं. एएलएफसीमध्ये येण्यासाठी मुख्य अट एकच होती: तुमच्याकडे बायकांचा संघ हवा आणि प्रवासाला निघायची तयारी हवी.

## १९७५: सहा संघ, दहा दिवस

पहिली स्पर्धा २५ ऑगस्ट ते ३ सप्टेंबर १९७५ या काळात हाँगकाँगमध्ये झाली. सहा संघ दोन गटांत विभागले होते. एका गटात थायलंड, ऑस्ट्रेलिया आणि सिंगापूर, दुसऱ्यात न्यूझीलंड, मलेशिया आणि यजमान हाँगकाँग.

आता पहिलं कोडं. न्यूझीलंड आशियात कसं? तर त्याला बोलावलं होतं म्हणून. ओशनियाचा महासंघ १९६६ पासून अस्तित्वात होता, पण महिलांसाठी त्याची एकही स्पर्धा नव्हती. ती पहिल्यांदा झाली १९८३ मध्ये, न्यू कॅलिडोनियातल्या नूमेआ शहरात. म्हणजे न्यूझीलंडच्या मुलींना १९७५ मध्ये आपल्या खंडात खेळायला अंगणच नव्हतं. शेजारणीने हळदीकुंकवाला बोलावलं की आपली गल्ली कुठली आणि तिची कुठली हे कोण विचारतं? त्या गेल्या.

आणि गेल्या त्याही कशा! न्यूझीलंडचा राष्ट्रीय महिला संघ या स्पर्धेसाठी पहिल्यांदाच निवडला गेला. बार्बरा कॉक्स कर्णधार होत्या. देशाच्या इतिहासातला पहिला आंतरराष्ट्रीय महिला सामना त्या २५ ऑगस्टला हाँगकाँगविरुद्ध खेळल्या आणि २-० असा जिंकल्या. दहाव्या दिवशी अंतिम सामन्यात थायलंडला ३-१ असं हरवून चषक उचलला. पहिला सामना ते पहिलं विजेतेपद, मध्ये दीड आठवडासुद्धा नाही. पुरुषांच्या फुटबॉलमध्ये असं घडलं असतं तर त्याच्या आठवणी आजही रंगवून सांगितल्या गेल्या असत्या.

ऑस्ट्रेलिया तिसरं आलं, मलेशिया चौथं. ऑस्ट्रेलियाच्या संघात मुख्यतः सिडनीच्या सेंट जॉर्ज भागातल्या खेळाडू होत्या. त्या ‘ऑस्ट्रेलिया’ या नावानेच मैदानात उतरल्या, पण देशाच्या फुटबॉल संघटनेने त्यानंतर कित्येक वर्षं आपला पहिला अधिकृत महिला सामना मानला तो १९७९ चा, न्यूझीलंडविरुद्धचा. १९७५ च्या मुली देशासाठी खेळल्या की नाही, हे देशाच्या दप्तरात ठरत नव्हतं. भिशीच्या वहीत नाव आहे आणि बँकेच्या खात्यात नाही, तसंच हे.

## तैवानचं कोडं, आणि त्यामागचं राजकारण

दुसरं कोडं अधिक गुंतागुंतीचं आहे, म्हणून जरा हळू जाऊ.

१९४९ नंतर ‘चीन’ या नावावर दोन सरकारं हक्क सांगत होती: बीजिंगचं आणि तैपेईचं. १९७१ मध्ये संयुक्त राष्ट्रांतली जागा बीजिंगला मिळाली. खेळांच्या संघटनांतही तोच वाद आला. १९७४ मध्ये एएफसीने बीजिंगच्या चीनला आत घेतलं आणि तैवानला बाहेर काढलं. तैवानच्या पुरुष संघाला मग आशियात जागा उरली नाही. तो ओशनियाच्या महासंघात जाऊन खेळू लागला.

पण महिलांचं घर वेगळं होतं ना! एएलएफसीमध्ये तैवान पहिल्यापासून होतं, आणि तिथून त्याला कुणी काढलं नाही. १९७७ ची दुसरी आशियाई स्पर्धा तर तैपेईतच झाली आणि तैवानने ती जिंकली. त्यांच्या महिला संघाचं नाव मुलान, पुरुषाच्या वेषात लढाईला गेलेल्या चिनी लोककथेतल्या वीरकन्येवरून घेतलेलं. १९७७, १९८० आणि १९८१ अशा सलग तीन स्पर्धा मुलान संघाने जिंकल्या.

त्याच वेळी आपल्या पुरुष संघामागोमाग मुलानच्या मुलीही ओशनियाच्या स्पर्धेत जाऊ लागल्या आणि १९८६ आणि १९८९ मध्ये तिथेही विजेत्या ठरल्या. आशिया आणि ओशनिया अशा दोन्ही खंडांचं विजेतेपद ज्यांच्या नावावर आहे, त्या मुलींनी त्यासाठी नियम मोडला नव्हता. ज्या दारातून आत घेतलं, त्या दारातून त्या आत गेल्या.

त्या काळात किती गोष्टी अशा हातानेच जुळवल्या जात होत्या याचा आणखी एक दाखला. १९८१ मध्ये तैवानने महिलांची एक जागतिक निमंत्रण स्पर्धा भरवली. पश्चिम जर्मनीला आमंत्रण गेलं, पण तिथे महिलांचा राष्ट्रीय संघच नव्हता. मग बेर्गिश ग्लाडबाख नावाचा क्लब आला. आणि तो क्लब स्पर्धा जिंकून परतला. पुढच्या वर्षी जर्मनीचा राष्ट्रीय महिला संघ मैदानात उतरला.

## कालिकत: एका देशाचे दोन संघ

आता आपल्या घरची गोष्ट.

भारतात महिला फुटबॉलसाठी स्वतंत्र राष्ट्रीय संघटना निघाली १९७५ मध्ये, म्हणजे हाँगकाँगच्या स्पर्धेच्याच वर्षी. पुरुषांचा कारभार अखिल भारतीय फुटबॉल महासंघ बघायचा आणि महिलांचा ही नवी संघटना. ती एएलएफसीला जोडलेली होती. आशियात जसे दोन महासंघ, तसेच भारतातही दोन.

या संघटनेने १९८० च्या सुरुवातीला थेट आशियाई स्पर्धेचं यजमानपद घेतलं. गाव निवडलं कालिकत, म्हणजे आजचं कोळिकोड. निवड अचूक होती. १९५२ पासून सेठ नागजी चषक भरवणारं, फुटबॉलवर जीव टाकणारं ते शहर. (काही याद्यांमध्ये ही स्पर्धा १९७९ ची म्हणून दिसते. दोन वेगळ्या स्पर्धा समजू नका, स्पर्धा एकच आहे.)

यजमान भारताने दोन संघ उतरवले: ‘इंडिया एस’ आणि ‘इंडिया एन’. आजच्या नियमांत हे बसणारच नाही. एका देशाचा एकच राष्ट्रीय संघ. पण निमंत्रणाच्या स्पर्धेत यजमानाने दोन पंगती मांडल्या तर त्यात गैर काही नव्हतं. खेळाडूंना सामने मिळत होते आणि स्पर्धा भरत होती. ऑस्ट्रेलियाकडूनही अख्ख्या देशाचा नाही, पश्चिम ऑस्ट्रेलिया या राज्याचा संघ आला होता. आपल्या रणजी स्पर्धेत एकाच राज्यातून मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन संघ खेळतात, त्याचं आपल्याला कधी नवल वाटत नाही. तेही इतिहासाचंच देणं आहे.

अंतिम सामन्यात तैवानने इंडिया एसला २-० असं हरवलं. ‘भारत १९८० चा उपविजेता’ या ओळीमागे आहे तो हा सामना. १९८१ मध्ये हाँगकाँगला भारत तिसरा आला. १९८३ मध्ये बँकॉकला पुन्हा अंतिम फेरी गाठली आणि थायलंडकडून ३-० असा हरला. चार वर्षांत तीन स्पर्धा आणि तिन्हीत पहिल्या तिघांत जागा. त्या पिढीत बंगालच्या शांती मल्लिक होत्या, ज्यांना १९८३ मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. महिला फुटबॉलपटूला मिळालेला तो पहिला. कर्नाटकच्या चित्रा गंगाधरन होत्या. गोव्याच्या योलांडा डिसूझा होत्या, ज्या पुढे चित्रकार म्हणून नावारूपाला आल्या. या बायकांची नावं आपल्या शाळकरी मुलींना माहीत नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. माझ्या भाचीला मी ती कागदावर लिहून पाठवली.

## “पण मान्यताच नव्हती, तर ही स्पर्धा खरी कशी?”

हा आक्षेप पहिला येतो. मान्यता म्हणजे काय? वरच्या मजल्यावरच्या संघटनेने खालच्या संघटनेला दिलेला शिक्का. शिक्क्यावरून कारभार कुणाचा हे कळतं. सामना झाला की नाही हे शिक्क्यावर अवलंबून नसतं. हाँगकाँगमध्ये ३ सप्टेंबर १९७५ ला अकरा न्यूझीलंडच्या आणि अकरा थायलंडच्या खेळाडू मैदानात होत्या, चार गोल झाले. ते गोल मान्यतेविना झाले म्हणून चेंडू जाळ्यातून परत येत नाही.

दुसरं असं की, नंतर एएफसीनेच ही स्पर्धा आपल्या इतिहासाचा भाग म्हणून स्वीकारली. आजच्या आशिया चषकाच्या विजेत्यांची यादी १९७५ पासूनच सुरू होते. नाकारायची असती तर ती तेव्हाच नाकारली असती.

## “सहा संघांच्या स्पर्धेला आशियाई म्हणायचं?”

या प्रश्नावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण इथे आपण नकळत दोन मापं वापरतो.

पुरुषांचा पहिला आशिया चषक १९५६ मध्ये झाला. तोही हाँगकाँगमध्ये, योगायोगच. अंतिम टप्प्यात किती संघ होते? चार. हाँगकाँग, दक्षिण कोरिया, इस्रायल आणि दक्षिण व्हिएतनाम. दक्षिण कोरिया जिंकलं आणि त्या विजेतेपदाबद्दल कुणी शंका घेत नाही. १९६४ च्या पुरुषांच्या आशिया चषकात भारत उपविजेता होता. भारतीय फुटबॉलच्या सुवर्णकाळाचा विषय निघाला की हे आवर्जून सांगितलं जातं आणि सांगायलाच हवं. त्या स्पर्धेच्या अंतिम टप्प्यातही चारच संघ होते: इस्रायल, भारत, दक्षिण कोरिया, हाँगकाँग. दक्षिण अमेरिकेची पहिली महिला स्पर्धा १९९१ ची, आणि तिच्यात तीन संघ.

युरोपचं उदाहरण तर डोळे उघडणारं आहे. १९८२ ते १९८४ च्या त्यांच्या पहिल्या स्पर्धेत १६ देश उतरले. युएफाच्या एकूण सदस्यांच्या मानाने हे कमी म्हणून स्पर्धेला ‘युरोपीय अजिंक्यपद’ हे नाव दिलंच नाही, प्रातिनिधिक महिला संघांची युरोपीय स्पर्धा असं लांबलचक नाव दिलं. सामने ९० ऐवजी ७० मिनिटांचे. चेंडू नेहमीपेक्षा लहान, चार नंबरचा. अंतिम फेरी दोन सामन्यांची. गोथेनबर्गला स्वीडन १-०, मग ल्यूटनच्या चिखलात इंग्लंड १-०, आणि शेवटी पेनल्टीवर स्वीडन ४-३. निर्णायक पेनल्टी मारणाऱ्या पिया सुंडहागे यांनी पुढे अमेरिकेच्या संघाला प्रशिक्षक म्हणून दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं मिळवून दिली. आज ही स्पर्धा पहिली महिला युरो म्हणूनच ओळखली जाते.

सुरुवात नेहमी लहानच असते. पुरुषांच्या लहान सुरुवातीला आपण पाया म्हणतो आणि बायकांच्या लहान सुरुवातीपाशी आल्यावर संघ मोजायला लागतो.

## पुण्यात हेच घडलं होतं

हे सगळं परदेशी वाटत असेल तर क्रिकेट आठवा. भारतीय महिला क्रिकेट संघटना १९७३ मध्ये निघाली, क्रिकेट नियामक मंडळापासून पूर्ण वेगळी. तिची पहिली आंतरराज्य स्पर्धा त्याच वर्षी पुण्यात झाली. संघ तीन: मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. फक्त तीन! महिलांचा पहिला क्रिकेट विश्वचषकही १९७३ चाच, पुरुषांच्या दोन वर्षं आधी. महिला क्रिकेट नियामक मंडळाकडे गेलं ते थेट २००६ मध्ये. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर आपल्या मुलींनी एकदिवसीय विश्वचषक जिंकला, तेव्हा जुन्या खेळाडूंच्या डोळ्यांत पाणी का होतं, हे पुण्यातल्या त्या तीन संघांशिवाय कळत नाही.

आता मागे वळून १९७३ ते २००६ मधल्या सामन्यांना कुणी ‘अनधिकृत’ म्हणेल का? डायना एडुलजी यांच्या बळींवर कुणी फुली मारेल का? नाही ना? मग कालिकतलाही तोच न्याय.

## भिशी बँकेत विलीन झाली तेव्हा

१९८६ मध्ये एएलएफसीचा कारभार एएफसीमध्ये विलीन झाला. त्याच वर्षी मेक्सिकोतल्या फिफाच्या अधिवेशनात नॉर्वेच्या एलेन विले यांनी उभं राहून महिलांसाठी विश्वचषक हवा अशी मागणी केली. वारं बदललं होतं. १९९१ मध्ये चीनमध्ये फिफाचा पहिला महिला विश्वचषक झाला आणि त्या वर्षीची जपानमधल्या फुकुओकाची आशियाई स्पर्धा त्याची पात्रता स्पर्धा ठरली. म्हणजे हाँगकाँगमध्ये सहा निमंत्रित संघांनी सुरू केलेली गोष्ट सोळा वर्षांत विश्वचषकाची पायरी झाली. आजही तेच आहे. २०२७ च्या ब्राझीलमधल्या विश्वचषकाचा आशियातला रस्ता २०२६ च्या आशिया चषकातूनच जातो.

विलीनीकरण चांगलं की वाईट? माझं मत सरळ सांगतो. पैसा, पंच, वैद्यकीय सोयी, विश्वचषकाचा दरवाजा, हे सगळं मोठ्या घरात आल्यामुळेच मिळालं. त्याला पर्याय नव्हता. पण भिशी बँकेत जमा झाली की जुन्या वहीतल्या नोंदी बँकेच्या छापील पासबुकात उतरतात, आणि वही कुणी लिहिली होती हे पासबुकात दिसत नाही. यादीत आज ‘१९७५, एएफसी’ असं वाचायला मिळतं. १९७५ मध्ये एएफसीने ती स्पर्धा भरवलेली नव्हती.

## “दोनदा उपविजेते होतो, मग मागे का पडलो?”

इथे उत्तर एकच नाही.

बाहेरचं कारण आधी. १९८६ पासून चीन या स्पर्धेत आला आणि १९९९ पर्यंत सलग सात वेळा जिंकला. जपानने १९८९ मध्ये महिलांसाठी राष्ट्रीय लीग सुरू केली. उत्तर कोरियाही उतरला. १९८३ पर्यंतच्या स्पर्धांत यातलं कुणीच मुरलेलं नव्हतं. म्हणजे त्या काळातली आपली जागा आजच्या मापाने वाचताना एवढी सूट द्यावी लागते. हे मान्य करायला मला संकोच वाटत नाही.

पण आतलं कारण जास्त बोचतं. भारतात महिला फुटबॉल १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मुख्य महासंघाकडे आला, आणि घर बदललं तरी ताटात फारसं काही पडलं नाही. नियमित सामने नाहीत, लीग नाही. २००९ मध्ये तर वेळ अशी आली की, दीड वर्षाहून जास्त काळ एकही आंतरराष्ट्रीय सामना न खेळल्यामुळे फिफाच्या क्रमवारीतून भारतीय महिला संघाचं नावच निघालं. महिलांची राष्ट्रीय लीग सुरू झाली २०१६-१७ च्या हंगामात, जपाननंतर सत्तावीस वर्षांनी. १९८३ च्या मुलींनी मशागत करून ठेवलेलं शेत आपण पडीक ठेवलं.

## मग ‘पहिल्यांदाच’ म्हणायचं की नाही?

आता भाचीच्या प्रश्नाकडे.

१९८० आणि १९८३ मध्ये भारत निमंत्रणाने, महिला महासंघाचा सदस्य म्हणून खेळला. तेव्हा पात्रता फेरी ही गोष्टच नव्हती. त्यानंतर २००३ पर्यंत भारत अधूनमधून या स्पर्धेत दिसतो, तोही थेट प्रवेशाने. पात्रता फेरी त्यानंतर सुरू झाली आणि भारताला ती ओलांडता येत नव्हती. २०२२ मध्ये स्पर्धा आपल्याकडेच होती, पुणे, मुंबई आणि नवी मुंबईत. यजमान म्हणून जागा मिळाली होती. इराणशी पहिला सामना ०-० असा सुटला, मग संघात करोना शिरला, तैवानविरुद्धच्या सामन्याला पुरेशा खेळाडू उभ्या राहू शकल्या नाहीत आणि भारत स्पर्धेबाहेर गेला. इराणविरुद्धचा तो सामनाही रद्दबातल धरला गेला. मुलींनी वर्षभर केलेल्या तयारीची नोंदसुद्धा उरली नाही.

म्हणून जुलै २०२५ च्या बातमीत ‘पात्रता फेरी जिंकून पहिल्यांदाच’ हे शब्द अगदी बरोबर होते. घाईत ‘पात्रता फेरी जिंकून’ एवढं गळलं की तेच वाक्य खोटं होतं आणि शांती मल्लिक, योलांडा डिसूझा यांची अख्खी पिढी पुसली जाते. मथळा लिहिणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे की ते तीन शब्द गाळू नका.

भाचीला हे सगळं फोनवर सांगायला पाऊण तास लागला. शेवटी तिने विचारलं, “त्र्याऐंशीला फायनलमध्ये आपल्याला कोणी हरवलं म्हणालास?”

थायलंडने, मी म्हटलं. त्यांच्याच देशात, तीन-शून्य.

“आणि आता आपण कुणाला हरवलं?”

थायलंडला. त्यांच्याच देशात, दोन-एक.